लोटा-डोरी आणि कोयता



चातुर्मासात प्रवचन संपल्यावर, लग्नाच्या पंगतीत, महिला मंडळाच्या भिशीत एक वाक्य हमखास कानावर येतं. "आपले आजे-पणजे मारवाडातून नुसता लोटा-डोरी घेऊन आले आणि बघा कुठल्या कुठे पोचले. इथले लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. जमीन यांची, गाव यांचं, भाषा यांची, तरी दिवाळी झाली की कोयता घेऊन निघालेच!" बोलणारीच्या मनात वाईट नसतं. स्वतःच्या घराण्याचं कौतुक असतं, एवढंच. पण शेजारी बसलेली आपली मुलं हे ऐकतात आणि त्यातून धडा घेतात, की आपण मुळातच हुशार नि कष्टाळू आणि ते मुळातच तसे.

मला या वाक्याचा हिशेब मांडायचा आहे. आपण व्यापाऱ्याच्या घरातल्या बायका. वही उघडली की जमा आणि नावे, दोन्ही बाजू पाहायच्या, ही आपल्याच घरातली शिस्त. मग ती घराण्याच्या गोष्टीला का लावू नये?

आधी जमेची बाजू बघू. फरक आहे, हे नाकारून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशात जैन सुमारे साडेचव्वेचाळीस लाख आणि त्यातले चौदा लाख एकट्या महाराष्ट्रात. सात वर्षांवरच्या जैनांमध्ये साक्षरता जवळपास ९५ टक्के. त्याच जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्याची साक्षरता ७७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लोकांचे घरच्या ऐपतीप्रमाणे पाच सारखे भाग केले होते. त्यात ७० टक्क्यांहून जास्त जैन सगळ्यात वरच्या भागात निघाले. तेव्हा बाहेरून आलेले पुढे गेले आणि मूळचे मागे राहिले, हे डोळ्यांना दिसतं ते खोटं नाही. प्रश्न एवढाच, की ते कशामुळे झालं?

गाठोड्यात काय होतं?

माझ्या सासरची गोष्ट सांगते. तुमच्या घरची याहून फार वेगळी नसणार. आजेसासरे पालीकडच्या खेड्यातून इकडे आले तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते. हातात लोटा-डोरी होती, हे खरं. पण गोष्ट तिथेच थांबवायची नाही. ते आले ते कुठल्याही अनोळखी गावात आले नाहीत. लांबच्या काकांच्या दुकानात आले. पहिली काही वर्षं पगार नव्हता, पण दोन वेळचं जेवण, झोपायला दुकानामागची खोली आणि वर्षाला दोन जोड कपडे होते. महाजनी अक्षर, तोंडी हिशेब, व्याजाची आकारणी हे सगळं काकांनी शिकवलं. पुढे स्वतःचं दुकान टाकायचं ठरलं तेव्हा नगरच्या आडत्याने काकांच्या शब्दावर माल उधार दिला. एका ओळीची चिठ्ठी, तेवढ्यावर!

आता बघा, गाठोड्यात काय काय होतं. अक्षरओळख होती. हिशेब होता. उतरायला घर होतं. पत होती, तीही स्वतःची नव्हे, काकांची. आणि धंदा बुडालाच तर परत जायला मारवाडात घर होतं. लोटा-डोरी सगळ्यांना दिसते, ही पाच गाठोडी दिसत नाहीत.

हे फक्त आमच्या घरचं नाही. टॉमस टिंबर्ग नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९७८ मध्ये मारवाड्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात हीच यंत्रणा तपशिलाने मांडली आहे. कलकत्त्याला गेलेल्या मारवाडी पोरांसाठी तिथे 'बासा' असायचे, म्हणजे आपल्या माणसांनी चालवलेली राहण्या-जेवण्याची सोय. नवखा मुलगा बासात जेवायचा, पेढीवर शिकायचा, मुनीम व्हायचा, मग भागीदार. बायका-मुलं मागे 'देशात', म्हणजे मारवाडात. दिसावरला गेलेल्या नवऱ्याची वाट बघत एकेका बाईने दहा-दहा वर्षं काढली. त्या बायकांचं नाव कोणत्याही पेढीच्या पाटीवर नाही, पण त्या पेढीचा खर्च त्यांनीही भरला आहे.

आणखी एक गोष्ट. जे यशस्वी झाले त्यांचेच फोटो कुलवृत्तांतात छापले जातात. विक्रम संवत १९५६ चा छप्पनिया दुष्काळ, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. त्या वेळी मारवाडातून किती माणसं बाहेर पडली! सगळ्यांच्या पेढ्या झाल्या का? कितीतरी वाटेत गेले, कितीतरी दुसऱ्याच्या दुकानात नोकर म्हणून म्हातारे झाले, कितीतरी परत गेले. आपण जात-जडूल्याला मूळ गावी जातो तेव्हा तिथे राहिलेले भाऊबंद भेटतातच ना? तेच गोत्र, तीच कुलदेवी, तेच णमोकार. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची ऐपत आपल्याइतकी नाही. रक्तात काही असतं तर ते त्यांच्याही रक्तात असायला हवं होतं.

तोच धर्म, वेगळे हिशेब

"रक्त नाही, पण धर्माचे संस्कार तर आहेत. निर्व्यसनी राहणी, काटकसर, रात्रीभोजन त्याग." हेही मी ऐकते. संस्कारांचा उपयोग होतो, मी स्वतः तो रोज बघते. दारूत न गेलेला पैसा घरात राहतो, यात वाद नाही. पण फक्त संस्कारांनीच ऐपत आली असती तर आपल्याच धर्माच्या इतर लोकांचं काय?

आपण ओसवाल या भागात फार तर पाच-सात पिढ्यांपूर्वी आलो. जैन धर्म मात्र इथे हजार वर्षांहून जुना आहे. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकाची लेणी जैनांची आहेत, नवव्या-दहाव्या शतकातली. आपल्या शेजारचं कुंथलगिरी सिद्धक्षेत्र, जिथे १९५५ मध्ये आचार्य शांतिसागरजींनी सल्लेखना घेतली. कचनेर, जिंतूरची नेमगिरी. या क्षेत्रांचा सांभाळ करत आलेले सैतवाळ, कासार असे मराठी जैन इथल्या मातीतले आहेत. घरात मराठीच बोलतात. पूर्वापार शेती, शिवणकाम, छोटी दुकानं हे त्यांचे व्यवसाय. आमच्या तालुक्यात मी बघते, त्यांच्या कितीतरी घरांची स्थिती शेजारच्या मराठा किंवा माळी शेतकऱ्यासारखीच आहे. पाऊस झाला तर बरं वर्ष, नाही झाला तर कर्ज. आहार तोच, व्रतं तीच, णमोकारही तोच. फरक एवढाच, की त्यांची मुळं जमिनीत होती आणि आपली पेढीत. दुष्काळ जमीन मारतो. पेढीला मात्र त्याच दुष्काळात गिऱ्हाईक वाढतं. हे ऐकायला कडू आहे, पण खरं आहे.

आता तिसरा हिशेब बघा. सांगली-कोल्हापूर-बेळगाव भागातले चतुर्थ जैन. तेही शेतकरी, तेही मूळचे तिथलेच. पण तिथे कृष्णा-पंचगंगेचं पाणी आहे, सहकारी साखर कारखाने आहेत, आणि शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापुरात समाजासमाजाची वसतिगृहं आहेत, त्यात जैन बोर्डिंगही. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा निघाली, शिक्षणाचं काम सुरू झालं. त्या शेतकऱ्यांची घरं उभी राहिली. आणि त्यांच्या उसाच्या फडात तोडीला कोण जातं? आपल्या पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीची माणसं. म्हणजे जमिनीवर राहणारा मूळचा माणूस मागेच राहतो, असंही नाही. पाणी, शाळा आणि बाजार कोणाच्या दारात आहे, यावर बरंच ठरतं.

एक जुना कागद

नावे बाजूला एक जुनी नोंदही करायला हवी. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती होते. शेतकऱ्यांना पैशापेक्षा हवे होते ते कर्जरोखे. जिथे रोखे हाती आले तिथे ते जाळले. हे लोण नगर जिल्ह्यातही पोचलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता, सरकारने शेतसारा वाढवला होता, आणि मधल्या मध्ये शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला होता. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये डेक्कन शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला.

आपला बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तेव्हा ती घटना आपल्या गावची नाही. मी ती सांगते ती कोणाला दोषी ठरवायला नाही. सावकारीत वाईट माणसं होती तशी चांगलीही होती, आणि अडचणीच्या वेळी दारात उभं राहायला दुसरं कोणी नसायचं. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट दिसते. बाहेरून आलेल्याला आपल्या माणसाकडून पत मिळत होती ती विश्वासावर. इथल्या कुणब्याला पत मिळत होती ती जमीन गहाण टाकून. एकच पैसा, एकच गाव, पण एकाला तो वर चढायची शिडी झाला आणि दुसऱ्याला गळ्यातला फास.

कोयत्याचं स्थलांतर

आता ज्यांना आपण "इथलेच" म्हणतो ते खरोखर इथे किती दिवस असतात? ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत गावंच्या गावं रिकामी. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. वंजारी, बंजारा, मराठा, दलित, सगळ्याच समाजांतली. १९७२ च्या दुष्काळानंतर हे जाणं फार वाढलं, ते अजून थांबलेलं नाही. म्हणजे आपण ज्यांना मुक्कामी समजतो ते दरवर्षी स्थलांतर करतात, आणि ज्यांना आपण स्थलांतरित म्हणतो ते आपण तीन पिढ्या एकाच गल्लीत आहोत!

मग दोन स्थलांतरं शेजारी शेजारी ठेवू. आमचे आजेसासरे निघाले तेव्हा काकांची पत पाठीशी होती. ऊसतोडीचं जोडपं निघतं तेव्हा मुकादमाची उचल डोक्यावर असते. त्यांना उतरायला घर होतं. या जोडप्याला फडाशेजारी उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. त्यांना पहिल्या दिवसापासून एक कसब शिकायला मिळालं, जे दरवर्षी वाढत गेलं. कोयता वीस वर्षं चालवला तरी विसाव्या वर्षी माणूस पहिल्या वर्षीपेक्षा जास्त थकलेला असतो, जास्त मोलाचा नसतो. त्यांची मुलं पुढे एका जागी शाळेत गेली. या मुलांची शाळा बरोबर सहामाहीच्या सुमारास सुटते.

पैशाचंही बघा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ रुपयांचा दर सुमारे ३६६ झाला. जोडपं दिवसभर राबून साधारण दीड-दोन टन तोडतं. म्हणजे दोघांत मिळून दिवसाला साडेपाचशे ते सातशे रुपये. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, तो उचलीत धरला जातो. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. भल्या पहाटे थंडीत उठून फडात उतरणाऱ्या बाईला आळशी म्हणताना आपली जीभ अडखळायला हवी. कष्टाचा प्रश्नच नाही मैत्रिणींनो. कष्टाला जोड कशाची मिळते, पतेची की कर्जाची, हा प्रश्न आहे.

असंच परदेशाचं. आपल्या मुली अमेरिकेत आहेत, तिथले भारतीय उत्पन्नात सगळ्यांत पुढे आहेत, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण १९६५ नंतर अमेरिकेने ज्यांना दार उघडलं ते बहुतेक इंजिनियर, डॉक्टर, पदवीधर होते. 'द अदर वन पर्सेंट' या २०१६ च्या पुस्तकात तीन अभ्यासकांनी हेच दाखवलं आहे, की तिथे पोचलेला भारतीय आधी समाजाने, मग परीक्षांनी, मग व्हिसाने असा तीनदा निवडला गेलेला असतो. चाळून घेतलेलं धान्य निवडायला कमीच लागणार. उलट बाजू बघायची तर मॉरिशस बघा. १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर नेले, त्यात मराठी माणसंही होती. भाषा मराठी, देव तेच, पण हातात करारनामा आणि पुढे मालकाचा ऊस. त्या लोकांना मजुरीतून वर यायला पिढ्या लागल्या. तीच मराठी माणसं, पण दोन दारांतून गेलेली. आत गेल्यावर काय मिळालं ते बरंचसं दारावर ठरलं.

बायकांच्या रकान्यात काय आहे?

आपण 'पुढे गेलो' असं म्हणतो तेव्हा दुकान, बंगला, गाडी मोजतो. बायकांचा रकाना वेगळा मोजून बघू. २००१ च्या जनगणनेत जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के होती, देशातल्या सगळ्या प्रमुख धर्मांत जास्त. आणि काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण फक्त ९.२ टक्के, सगळ्यांत कमी. आता तुम्ही आणि मी जाणतो की सकाळी पाचला पाणी गाळण्यापासून रात्रीच्या प्रतिक्रमणापर्यंत आपले हात रिकामे नसतात. उन्हाळ्यात पापड-खिचिये, सणासुदीला दुकानातला गल्ला, उधारीच्या वह्या. पण हे काम 'काम' म्हणून लिहिलं जात नाही, आणि त्याचा पैसा आपल्या नावावर येत नाही. शिकलेली बाई घरात, आणि कमाई पुरुषाच्या खात्यात.

त्याहून जिव्हारी लागणारा आकडा दुसरा आहे. २००१ मध्ये सहा वर्षांखालच्या १,००० जैन मुलांमागे ८७० मुली होत्या. देशाची सरासरी तेव्हा ९२७. २०११ मध्ये आपला आकडा ८८९ झाला, तरी देशाच्या ९१९ पेक्षा कमीच. अहिंसा हा आपला पहिला अणुव्रत, मुंगी मरू नये म्हणून आपण पाय जपून टाकतो, आणि हा आकडा आपला आहे. आपल्या जिल्ह्याचा तर २०११ मध्ये ८०७ होता, राज्यात सगळ्यांत कमी. म्हणजे ऐपत, शिक्षण, व्यापार यांत एवढं अंतर असलेले आपण आणि आपला जिल्हा या एका रकान्यात एकाच बाजूला उभे आहोत. आज लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून दोन्हीकडच्या आया रडतात. ते कुणाच्या नशिबाने झालेलं नाही.

ऊसतोडीच्या बाईचा रकाना तर अजून रिकामा. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब एकत्र, उचल घेतो पुरुष. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, गाडी भरते, पहाटे-रात्री स्वयंपाक करते, आणि तिची वेगळी मजुरी कागदावर नाही. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, आणि सुट्टी घेतली तर खाडा. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी ऐन तरुण वयातल्या. आणि मागे गावात मुलगी कुणाकडे ठेवायची, या काळजीने तिचं लग्न लवकर लावून टाकतात. २०१९-२१ च्या पाहणीत बीडमध्ये २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून जास्त बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

हे वाचून "त्यांचे कर्म" असं म्हणणाऱ्या मला भेटतात. नम्रपणे सांगते, कर्मसिद्धांत आपल्याला दिला आहे तो आपल्या स्वतःच्या वागण्याकडे बघायला. दुसऱ्याच्या हालांचा निकाल लावायला नाही. सम्यक्त्वाची पाच लक्षणं आपण पाठ करतो, शम, संवेग, निर्वेद, अनुकंपा, आस्तिक्य. त्यातली चौथी अनुकंपा आहे. दुसऱ्याचं दुःख बघून मन हललं नाही तर बाकीच्या चारांचं काय करायचं?

मग करायचं काय?

आपल्याला पुढे नेलं ते काय, याचं उत्तर एकदा नीट मिळालं की काय द्यायचं तेही कळतं. आपल्याला पत मिळाली, उतरायला जागा मिळाली, आणि मुलांना बोर्डिंग मिळालं. बोर्डिंगचं महत्त्व तर आपल्या भागाला सांगायला नको. कडा-पाथर्डीच्या जैन संस्थांनी या दुष्काळी पट्ट्यातल्या किती मुलांना शिकवलं. आपल्याच बीड जिल्ह्यातून गेलेल्या शांतिलालजी मुथ्थांनी १९८५ मध्ये भारतीय जैन संघटना उभी केली, आणि १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलं पुण्याला नेऊन शिकवली. ती मुलं कोणत्या जातीची, हे विचारलं नाही. त्याआधी कुंभोजच्या जैन शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या या माणसाने पुढे वसतिगृह काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांसाठी, एका पंगतीत जेवणारं. आपल्याला जे मिळालं ते कुंपणाबाहेर नेलं, म्हणून कर्मवीर.

आमच्या गावात सध्या चर्चा चालू आहे. महिला मंडळाकडे यंदा बरी रक्कम जमली आहे. प्रवचनाच्या हॉलला एसी बसवायचा की दुसरं काही करायचं, यावर दोन मतं आहेत. माझं मत मी मंडळात सांगितलं आहे, इथेही सांगते. हंगामाच्या सहा महिन्यांत ज्या मुली आजीजवळ मागे राहतात किंवा आईबरोबर फडावर जातात, त्यांच्यातल्या दहा जणींची गावातच राहण्या-जेवण्याची सोय करावी. सरकारी हंगामी वसतिगृहं आहेत, २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजनाही आहे. तिथे काय कमी पडतं ते विचारून ते भरून काढावं. संध्याकाळची शिकवणी, दूध, स्वच्छ स्वच्छतागृह, पाळीच्या दिवसांचं सामान. स्वयंपाक आपल्याला येतो, हिशेब आपल्याला येतो, मुली वाढवणं आपल्याला येतं. यासाठी वेगळी हुशारी लागत नाही.

यावर एक काकीसा म्हणाल्या, "अगं, एसीचा उपयोग आपल्या म्हाताऱ्या माणसांना होतो, तोही धर्मच." बरोबर आहे. उन्हाळ्यात सामायिकाला बसणाऱ्या आज्यांचा त्रास मला दिसतो. तिथे दोन कूलर लावू, खर्च निम्म्याहून कमी. पण एका मुलीची दहावी चुकली तर ती पुढच्या चातुर्मासात भरून निघत नाही.

दुसरं काम पैशाचं. दुकानात आपली उधारीची वही असते, तिच्यात कुटुंबाचं नाव नेहमी पुरुषाचं. हंगामाहून आलेली बाई स्वतः काही करू बघत असेल, शिलाई मशीन, पापडाचा धंदा, बाजारात भाजीचं दुकान, तर तिच्या नावाने खातं उघडा. माल उधार द्या, तसाच, जसा नगरच्या आडत्याने एका चिठ्ठीवर दिला होता. बुडेल का? एखादी बुडेलही. आपल्या पणज्यांच्या वेळीही सगळ्यांनी सगळं फेडलं नसणार.

आणि तिसरं काम घरातलं. आपल्या सुनेचं नाव दुकानाच्या कागदावर, निदान एका बँक खात्यावर येऊ द्या. शिकलेली सून नऊ टक्क्यांच्या बाहेरच ठेवायची आणि मग इथल्या बायका मागासलेल्या म्हणायचं, हे आपल्याला शोभत नाही.

घराण्याची गोष्ट मुलांना जरूर सांगा. पणज्यांनी फार सोसलं, त्यांचा मान ठेवायलाच हवा. पण सांगताना पूर्ण सांगा. ज्या काकांनी जेवू घातलं, ज्या आडत्याने उधार दिलं, ज्या पणजीने मारवाडात एकटीने घर सांभाळलं, आणि ज्या इथल्या शेतकऱ्याने पहिलं गिऱ्हाईक म्हणून दुकानाची पायरी चढली, त्या सगळ्यांची नावं घेऊन सांगा. पूर्ण गोष्ट ऐकलेलं मूल दिवाळीनंतर गावाबाहेर पडणाऱ्या ट्रकमधल्या मुलांकडे वेगळ्या नजरेने बघेल.

मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे. तुमच्या गावी असं काही सुरू केलं असेल, तर खर्च किती आला आणि अडचणी कोणत्या आल्या, ते मला नक्की कळवा. आम्हाला उपयोग होईल.

जय जिनेंद्र.